न्यूरोपेप्टाइड्स आणि अपस्मार : ‘संभाव्य लक्ष्य’ या संज्ञेची चिकित्सक समीक्षा

प्रास्ताविक

अपस्मारावरील आधुनिक औषधोपचाराचा इतिहास १८५७ पासून मोजण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडच्या वापराची माहिती वैद्यकीय वर्तुळासमोर ठेवली. १९१२ मध्ये फिनोबार्बिटोन व १९३८ मध्ये फेनिटॉइन आले. पुढे कार्बामाझेपिन व व्हॅल्प्रोएट आणि १९९० च्या दशकात लॅमोट्रिजिन, टोपिरामेट, लेव्हेटिरासिटाम अशी औषधांची मालिकाच उपलब्ध झाली. या औषधांमुळे असंख्य रुग्णांचे जीवन सुसह्य झाले याविषयी दुमत नाही. तथापि एक अस्वस्थ करणारी वस्तुस्थिती येथे नोंदवणे आवश्यक आहे. ग्लासगो येथील पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी यांनी २००० मध्ये ५२५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ६३ टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त झाल्याचे आढळले. त्याच केंद्रातील १७९५ रुग्णांचा विस्तृत अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हे प्रमाण ६३.७ टक्के होते. औषधे वाढली, त्यांचे दुष्परिणाम काही अंशी कमी झाले. परंतु सुमारे एकतृतीयांश रुग्णांचे झटके औषधांना दाद देत नाहीत ही स्थिती बदलली नाही.

या एकतृतीयांश रुग्णांच्या संदर्भात गेली सुमारे तीन दशके न्यूरोपेप्टाइड्सचे नाव सातत्याने घेतले जाते. जवळजवळ प्रत्येक आढावा-लेखाच्या अखेरीस ‘अपस्माराच्या उपचारासाठी न्यूरोपेप्टाइड्स हे संभाव्य लक्ष्य ठरू शकते’ अशा आशयाचे वाक्य असते. प्रस्तुत लेखात या वाक्याचाच विचार करावयाचा आहे. ‘संभाव्य लक्ष्य’ या दोन शब्दांत तीन वेगवेगळी विधाने सामावलेली असतात. अपस्मारग्रस्त मेंदूत अमुक पेप्टाइडचे प्रमाण बदललेले आढळते, हे पहिले विधान. त्या पेप्टाइडमध्ये हस्तक्षेप केल्यास उंदरातील झटके कमी-अधिक होतात, हे दुसरे. मानवी रुग्णाला त्यापासून उपचार मिळू शकेल, हे तिसरे. पहिल्या विधानाचा पुरावा भरपूर आहे आणि दुसऱ्याचाही पुरेसा आहे. तिसऱ्यापर्यंत पोहोचताना मात्र संशोधन-साहित्य पुष्कळदा पुराव्यावरून नव्हे, तर भाषेवरून पुढे सरकते, असे आमचे मत आहे.

न्यूरोपेप्टाइडचे वेगळेपण

ग्लुटामेट किंवा गॅबा यांसारखे परिचित चेतापारेषक लहान पुटिकांत साठवले जातात, प्रत्येक आवेगासरशी थोडेथोडे स्रवतात आणि लगेच परत शोषून घेतले जातात. न्यूरोपेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. ती पेशीच्या मुख्य भागात तयार होते, मोठ्या व घन गाभ्याच्या पुटिकांत भरली जाते आणि तेथून चेतातंतूच्या टोकापर्यंत वाहून नेली जाते. एकाच चेतापेशीत परिचित पारेषक व पेप्टाइड एकत्र नांदतात, हे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील टोमास होकफेल्ट यांच्या कार्याने प्रस्थापित झाले. सर्वांत महत्त्वाचा भेद स्रवण्याच्या वेळेचा आहे. पेशी सावकाश, नेहमीच्या गतीने उद्दीपित होत असताना पेप्टाइड बहुधा बाहेर पडत नाही; उद्दीपन वेगवान आणि सलग झाले म्हणजे ते स्रवते. परिचित पारेषक हे गल्ल्यातील सुटे पैसे मानले, तर न्यूरोपेप्टाइड ही अडीअडचणीसाठी तिजोरीत राखलेली ठेव होय. एकदा बाहेर पडलेले पेप्टाइड परत शोषले जात नाही. विकरे त्याचे तुकडे करीपर्यंत ते आजूबाजूला पसरते आणि जी-प्रथिनांशी जोडलेल्या ग्राहींवर, म्हणजे रिसेप्टरांवर, संथ परंतु दीर्घ परिणाम करते.

अपस्माराच्या दृष्टीने या वेगळेपणाचे आकर्षण उघड आहे. झटका म्हणजे चेतापेशींच्या समूहाचे वेगवान, सलग व एकसमयी उद्दीपन. नेमक्या त्याच क्षणी स्रवणारा आणि उद्दीपनाला आवर घालणारा पदार्थ मेंदूपाशी स्वतःचाच असेल, तर दिवसरात्र संपूर्ण मेंदूवर काम करणाऱ्या, ग्लानी आणणाऱ्या औषधांपेक्षा त्याला बळ देणे केव्हाही श्रेयस्कर. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. रुग्णाला कांदा किंवा चामड्याची चप्पल हुंगवण्याच्या आपल्याकडील प्रथेला जे श्रेय मिळत आले, त्याचे खरे मानकरी मेंदूतील हे अंतर्गत निरोधक आहेत. न्यूरोपेप्टाइड्स त्यांपैकी एक असावेत, हे अनुमान तर्कसंगत आहे.

न्यूरोपेप्टाइड वाय : एका आशेचा प्रवास

या क्षेत्रातील सर्वाधिक पुरावा न्यूरोपेप्टाइड वाय या रेणूविषयी आहे. ३६ अमिनो आम्लांचा हा रेणू काझुहिको तातेमोतो यांनी १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळा केला. भूक वाढवणारा प्रभावी पदार्थ म्हणून तो प्रथम प्रसिद्धीस आला. १९९६ मध्ये रिचर्ड पामिटर यांच्या गटाने हे जनुक नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा अपेक्षा अशी होती की ते रोडावतील. त्यांचे खाणे व वजन सर्वसाधारण राहिले. मात्र त्यांना अधूनमधून सौम्य झटके येऊ लागले. भुकेच्या शोधात निघालेल्या संशोधनाला अपस्मार सापडला, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढील वर्षी स्कॉट बराबान व सहकाऱ्यांनी दाखवले की, अशा उंदरांना केनिक ॲसिड दिल्यास झटके आटोक्यात येत नाहीत व बहुतेक उंदीर दगावतात, तर बाहेरून पेप्टाइड पुरवल्यास ते वाचतात.

यामागील यंत्रणा बऱ्याच अंशी उलगडली आहे. हिप्पोकॅम्पसमधील वाय-२ ग्राही चेतापेशीच्या टोकावर असतात आणि उद्दीपित झाल्यावर ग्लुटामेटचा स्राव कमी करतात. याउलट वाय-१ ग्राहींचा परिणाम काही प्रयोगांत झटक्यांना पोषक ठरल्याचे आढळले आहे. टेम्पोरल लोबच्या अपस्मारासाठी शस्त्रक्रियेने काढलेल्या मानवी हिप्पोकॅम्पसमध्ये वाय-२ वाढलेले आणि वाय-१ घटलेले असतात, हे इन्सब्रुकच्या गुंथर श्पेर्क यांच्या गटाने २००१ मध्ये नोंदवले. मेंदू स्वतःच योग्य दिशेने जुळवून घेत आहे, असा त्याचा अर्थ सर्वत्र लावला गेला.

परंतु येथेच एक प्रश्न विचारावयास हवा, आणि तो पुरेशा स्पष्टपणे विचारला जात नाही. ज्या ऊतींत ही जुळवणूक आढळली, त्या सर्व ऊती औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांच्या होत्या. म्हणजे अंतर्गत निरोधक जागा झाला, वाढला आणि तरीही अपुरा पडला. जी यंत्रणा आधीच पूर्ण ताकदीने चालू आहे, तिला बाहेरून आणखी बळ दिल्यास किती लाभ होईल, हे ‘वाढलेले आढळले’ एवढ्यावरून ठरत नाही. लुंड येथील मेराब कोकाया यांच्या गटाने रुग्णांच्या मेंदूच्या कापांवर हे पेप्टाइड वापरून अपस्मारसदृश उद्दीपन घटल्याचे २०१९ मध्ये दाखवले, हे या शंकेला मिळालेले सर्वांत समर्पक उत्तर आहे. हजारो उंदरांपेक्षा हा एक प्रयोग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

पेप्टाइड तोंडावाटे घेतल्यास पचते, रक्तात दिल्यास लवकर विघटित होते आणि रक्त व मेंदू यांमधील अडसर सहसा ओलांडत नाही. म्हणून निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्याचे जनुकच हिप्पोकॅम्पसमध्ये पोहोचवण्याचा मार्ग पुढे आला. मिलान येथील अनामारिया वेझ्झानी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये व पुन्हा २००८ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांत त्याचा उपयोग दाखवला. यांतील दुसरा प्रयोग विशेष महत्त्वाचा आहे. कारण त्यात जनुक दिले तेव्हा प्राण्यांना आपोआप येणारे झटके आधीच सुरू झालेले होते. रुग्ण डॉक्टरांकडे येतो तो याच अवस्थेत. झटके घटले, ते नाहीसे झाले नाहीत. पुढे पेप्टाइड व वाय-२ ग्राही या दोहोंची जनुके एकत्र देण्याची कल्पना स्वीडनमधील कॉम्बिजीन या कंपनीने उचलली. २०२१ मध्ये अमेरिकेतील स्पार्क थेराप्युटिक्सने तिचे हक्क घेतले आणि २०२३ मध्ये तो करार संपुष्टात आणला.

अशा वेळी ‘मेंदूत जनुक पोहोचवणे अद्याप अवघड आहे’ असे कारण पुढे केले जाते. ते आता पुरेसे नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये निरोधक चेतापेशींचे रोपण करण्याच्या मानवी चाचण्या २०२२ मध्ये सुरू झाल्या. केनेट ग्राहींची निर्मिती रोखणारा जनुकोपचार २०२४ मध्ये पहिल्या रुग्णाला देण्यात आला. वाट खुली झाली आणि तीवरून पेप्टाइडेतर उपचार पुढे गेले. न्यूरोपेप्टाइड मागे का राहिले, याची चर्चा आढावा-लेखांनी करावयास हवी होती.

गॅलॅनिन, डायनॉर्फिन आणि स्मृतीचा प्रश्न

गॅलॅनिनची कहाणी थोडक्यात सांगता येईल. १९८३ मध्ये तातेमोतो व व्हिक्टर मुट्ट यांच्याच प्रयोगशाळेत हे पेप्टाइड सापडले. आंद्रेय मझाराती व क्लॉड वॉस्टरलेन यांनी दाखवले की, सलग चालणाऱ्या झटक्यांच्या अवस्थेत हिप्पोकॅम्पसमधील गॅलॅनिनचा साठा संपुष्टात येतो आणि बाहेरून दिल्यास झटके थांबतात. टेम्पोरल लोबचा अपस्मार असलेल्या जुळ्या भावंडांत गॅलॅनिनच्या जनुकातील दोष २०१५ मध्ये आढळला. २००३ मधील बहुचर्चित जनुकोपचाराच्या प्रयोगात मात्र एक विसंगती आहे. त्यात गॅलॅनिनला असा संकेतक्रम जोडला होता की पेशी ते सतत बाहेर टाकत राहील. झटके कमी झाले हे खरे. परंतु गरजेपुरते, गरजेच्या वेळी स्रवणे हा जो न्यूरोपेप्टाइडचा मुख्य गुण म्हणून सांगितला जातो, तोच येथे सोडून देण्यात आला. तिजोरीतील ठेव रोजच्या खर्चात आणल्यासारखे हे झाले. त्या प्रयोगाचा दाखला ‘मागणीनुसार उपचारा’च्या समर्थनार्थ दिला जातो, हे चमत्कारिक आहे.

संस्कृतातील ‘अपस्मार’ या शब्दातच स्मृती नष्ट होण्याचा अर्थ आहे. त्यामुळे पुढील मुद्दा अधिक बोचतो. हिप्पोकॅम्पस हे स्मृतीचे स्थान. झटके शमवण्यासाठी ज्या ग्लुटामेटला आवर घालावयाचा, त्याच्याच आधारे नवी आठवण रुजते. कोकाया यांच्याच गटाने २००८ मध्ये प्रामाणिकपणे नोंदवले की, न्यूरोपेप्टाइड वायचे जनुक दिलेल्या निरोगी प्राण्यांत चेतासंधींची लवचीकता घटते व शिकणे मंदावते. अपस्मारग्रस्त मेंदूत ही क्षमता आधीच खालावलेली असल्याने आणखी हानी होत नाही, असेही त्यांना आढळले. हे दुसरे निरीक्षण दिलासा म्हणून उद्धृत केले जाते. आम्हांस त्यात दिलासा कमी आणि विषाद अधिक वाटतो. ज्या रुग्णाची स्मृती अद्याप शाबूत आहे, त्याला हा उपचार द्यावा किंवा नाही, हा प्रश्न त्यामुळे अनिर्णितच राहतो.

डायनॉर्फिनबाबत चित्र अधिक आशादायक आहे. इन्सब्रुकचे क्रिस्टॉफ श्वार्त्झर आणि बर्लिनच्या रेगिने हाइलब्रॉन यांच्या गटांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जनुकाच्या एकाच मात्रेने उंदरांतील झटके अनेक महिने दबले, पेप्टाइड वेगवान उद्दीपनाच्या वेळीच स्रवले आणि प्राण्यांची शिकण्याची क्षमता सुधारली. न्यूरोपेप्टाइडच्या मूळ तत्त्वाशी इमान राखणारा हा प्रयोग आहे. समर्थकांनी गॅलॅनिनऐवजी याचा आधार घेणे अधिक योग्य ठरेल.

वापरात असलेले एकमेव पेप्टाइड

आढावा-लेखांत बहुधा एका परिच्छेदात उरकले जाणारे उदाहरण म्हणजे एसीटीएच हे ३९ अमिनो आम्लांचे संप्रेरक. तान्ह्या मुलांतील एका गंभीर अपस्माराचे वर्णन विल्यम वेस्ट यांनी १८४१ मध्ये स्वतःच्या मुलाच्या आजारावरून केले. १९५८ मध्ये या आजारावर एसीटीएचचा उपयोग नोंदवला गेला आणि तो आजतागायत चालू आहे. अपस्मारात पेप्टाइडने रुग्ण बरे होतात याचा मानवी पुरावा एवढाच. साहजिकच त्याची कारणमीमांसा महत्त्वाची ठरते.

टॅली बराम यांच्या मते एसीटीएच केवळ स्टेरॉइड वाढवून काम करत नाही. ते मेलानोकॉर्टिन ग्राहींमार्फत सीआरएच या, अपरिपक्व मेंदूत झटके निर्माण करणाऱ्या, पेप्टाइडची निर्मिती घटवते. मूत्रपिंडावरील ग्रंथी काढलेल्या प्राण्यांतही हा परिणाम त्यांना आढळला. मांडणी आकर्षक आहे. तथापि सीआरएचला रोखणारे पेप्टाइड अर्भकांना देऊन पाहिले असता त्याचा उपयोग झाला नाही. ते मेंदूत पुरेसे पोहोचलेच नसावे, असा खुलासा करण्यात आला. शिवाय ब्रिटनमधील २००४ च्या चाचणीत प्रेडनिसोलोन या साध्या स्टेरॉइडने ७० टक्के, तर कृत्रिम एसीटीएचने ७६ टक्के बालकांतील झटके थांबले. श्रीलंकेतील ९७ अर्भकांवरील २०१५ च्या चाचणीत तर तोंडावाटे दिलेले प्रेडनिसोलोन एसीटीएचच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले. स्वस्त गोळीने तेवढाच परिणाम साधत असेल, तर पेप्टाइडची स्वतंत्र क्रिया रुग्णाच्या दृष्टीने निर्णायक आहे काय? हा प्रश्न टाळून एसीटीएचला न्यूरोपेप्टाइड-उपचाराचा आद्य विजय म्हणता येणार नाही.

या औषधाच्या किमतीचा इतिहासही दुर्लक्षून चालणार नाही. अमेरिकेत २००७ मध्ये ॲक्थार या एसीटीएच-जेलच्या एका कुपीची किंमत सुमारे १,६५० डॉलरवरून २३,००० डॉलरच्या वर नेण्यात आली. स्पर्धक औषधाचे हक्क विकत घेऊन मक्तेदारी राखल्याच्या आरोपाबाबत उत्पादक कंपनीने २०१७ मध्ये १० कोटी डॉलर भरून तडजोड केली. हे एका जुन्या, सहज वेगळ्या करता येणाऱ्या संप्रेरकाचे झाले. मेंदूत शस्त्रक्रियेने द्यावयाच्या जनुकोपचाराची किंमत कोणत्या पातळीवर असेल, याची कल्पना यावरून करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात सुमारे ५ कोटी अपस्मारग्रस्त असून त्यांपैकी सुमारे ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. वर्षाला पाच डॉलर इतक्या अल्प खर्चात मिळू शकणारे फिनोबार्बिटोनही त्यांतील अनेकांपर्यंत पोहोचत नाही.

दुर्लक्षित दिशा : सबस्टन्स पी

आतापर्यंतची बहुतेक चर्चा एका गृहीतकावर उभी आहे : निरोधक पेप्टाइड कमी पडते, म्हणून ते पुरवावे. औषधनिर्मितीचा अनुभव मात्र उलट दिशेला बोट दाखवतो. पेप्टाइडची नक्कल करणारे आणि मेंदूत पोहोचणारे रेणू घडवणे कठीण. पेप्टाइडचा ग्राही अडवणारे छोटे रेणू घडवणे तुलनेने सुकर. उलट्यांवरील अप्रेपिटंट २००३ मध्ये आणि निद्रानाशावरील सुव्होरेक्झंट २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ही दोन्ही औषधे ग्राही अडवणारीच आहेत. तेव्हा झटक्यांना पोषक ठरणाऱ्या पेप्टाइडांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते. १९३१ मध्ये फॉन ऑयलर व गॅडम यांनी शोधलेला सबस्टन्स पी हा त्यांतील प्रमुख. सलग झटक्यांची अवस्था टिकवून धरण्यात त्याचा वाटा असतो, हे वॉस्टरलेन यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवले होते.

भारतीय अभ्यासकांना या पेप्टाइडचे वेगळे महत्त्व आहे. टेम्पोरल लोबमधील व्रण हा पाश्चात्त्य प्रयोगशाळांचा आवडता नमुना. आपल्याकडे मात्र डुकरातील फीतकृमीच्या अंड्यांमुळे होणारा न्यूरोसिस्टिसरकोसिस हे अपस्माराचे एक प्रमुख कारण आहे. ही अंडी दूषित पाणी व न धुतलेल्या भाज्यांतूनही पोटात जातात, त्यामुळे शाकाहारी व्यक्तीही त्यातून सुटत नाही. सीटी स्कॅनमध्ये दिसणाऱ्या छोट्या वर्तुळाकार गाठी भारतात पूर्वी क्षयाच्या समजल्या जात आणि रुग्णांना क्षयाची औषधे दिली जात. १९८९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मॅथ्यू चांडी, वेदान्तम राजशेखर व सहकाऱ्यांनी गाठी काढून तपासल्या व त्या सिस्टिसरकसच्या असल्याचे सिद्ध केले. स्थानिक रुग्णाची ऊती प्रत्यक्ष तपासल्याने उपचाराची दिशा कशी बदलते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मेलेल्या कृमीभोवतीची ही गाठ झटका का निर्माण करते? ह्यूस्टन येथील प्रेमा रॉबिन्सन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये त्याचे एक उत्तर दिले. रुग्णांच्या मेंदूतील अशा गाठींलगत सबस्टन्स पी असलेल्या पेशी त्यांना आढळल्या. उंदरांतील गाठींचा अर्क दुसऱ्या प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये टोचल्यावर झटके आले; सबस्टन्स पी तयार न करू शकणाऱ्या उंदरांच्या गाठींचा अर्क टोचल्यावर ते आले नाहीत. ग्राही आधीच अडवल्यासही झटके टळले. कारण, यंत्रणा आणि अडवण्याचा उपाय या तिन्ही गोष्टी एकाच प्रयोगमालेत क्वचितच इतक्या स्वच्छपणे हाती येतात. हा ग्राही अडवणारे औषध दुकानात उपलब्ध आहे, मेंदूत पोहोचते आणि कर्करोगाच्या रुग्णांत वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. असे असूनही न्यूरोपेप्टाइड्स व अपस्मार यांवरील आढाव्यांत या संशोधनाला मिळणारी जागा अगदीच तोकडी आहे.

अर्थात येथेही उत्साहाला आवर हवा. सबस्टन्स पीचे ग्राही अडवणारी औषधे प्राण्यांत वेदना व नैराश्यावर प्रभावी ठरली, परंतु मोठ्या मानवी चाचण्यांत टिकली नाहीत. उंदराचा ग्राही मानवी ग्राहीपेक्षा काहीसा वेगळा असल्याने अप्रेपिटंटसारखे औषध उंदरात जसे वागते तसेच मनुष्यात वागेल असे नाही. व्यावहारिक अडचण आणखी निराळी आहे. न्यूरोसिस्टिसरकोसिसच्या रुग्णाला सूज कमी करण्यासाठी डेक्सामेथासोन आणि झटक्यांसाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन दिले जाते. अप्रेपिटंटमुळे डेक्सामेथासोनची रक्तातील पातळी वाढते, तर फेनिटॉइन व कार्बामाझेपिनमुळे अप्रेपिटंटचीच पातळी घसरते. म्हणून अशी चाचणी हाती घ्यावयाची झाल्यास रुग्णांना प्रथम लेव्हेटिरासिटामसारख्या, यकृतातील या विकरांना न छेडणाऱ्या औषधावर आणावे लागेल, स्टेरॉइडची मात्रा फेरआखावी लागेल आणि पहिले झटके आल्यानंतरच्या काही आठवड्यांतच, गाठीभोवतीची सूज ताजी असताना, उपचार सुरू करावा लागेल. असे रुग्ण आपल्या जिल्हा रुग्णालयांत येतात आणि त्यांचे सीटी स्कॅनही होतात.